‘१२८ जीबी फ्लॅश स्टोरेज’: स्वस्तातला लॅपटॉप घेतानाचा माझा अनुभव

लॅपटॉप घरी आला, उत्तम चालतोय, तरी एका गोष्टीची चीड अजून गेलेली नाही. आत ड्राइव्ह (फाइली साठवणारा भाग) कोणत्या प्रकारची आहे, एवढंच विचारत होते आणि सरळ उत्तर कोणी देईना.

धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी छोटा, हलका आणि बजेटमधला लॅपटॉप हवा होता. स्क्रीन, वजन, कीबोर्ड यांचा निर्णय झटपट झाला. रॅम ८ जीबीच्या खाली नको हेही ठरलं होतं, कारण या वर्गातल्या बऱ्याच मशीनमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही.

घोडं अडलं ते स्टोरेजपाशी. माहितीपत्रकावर लिहिलेलं, ‘१२८ जीबी फ्लॅश स्टोरेज’. अहो, फ्लॅश तर ईएमएमसीही असते आणि एसएसडीही! ईएमएमसी म्हणजे मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर, कायमची सोल्डर केलेली साठवणीची चिप. तिचं ५.१ हे मानक कागदोपत्री सेकंदाला ४०० एमबीपर्यंत जातं. एसएसडी ही त्याहून वेगवान ड्राइव्ह, आणि साटा व एनव्हीएमई हे तिचे दोन प्रकार. साटा एसएसडी साधारण ५५० गाठते, आणि पीसीआयई ३.० या वेगवान जोडणीच्या चार लेनवरची चांगली एनव्हीएमई ३,००० च्याही पुढे जाते. रोजच्या वापरात त्याहून जास्त जाच होतो तो वेगळ्याच गोष्टीचा: ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते, नाहीतर लिहिते. मागे विंडोजचं अपडेट उतरत असेल आणि तुम्ही ब्राउझर उघडलात, की बसा वाट बघत. आणि चिप गेली, तर ड्राइव्ह बदलून भागत नाही, मदरबोर्डलाच हात घालावा लागतो.

विक्रेता म्हणाला, “एसएसडीच असणार मॅडम, हल्ली सगळ्यांत तीच येते.” ‘असणार’वर मी पैसे कसे मोजू? कंपनीला मेल केला, तर उत्तरादाखल तेच माहितीपत्रक जोडून आलं. फोन लावला.

“स्टोरेज १२८ जीबी आहे, मॅडम.”

“हो, पण प्रकार कोणता? ईएमएमसी की एनव्हीएमई?”

“फ्लॅश स्टोरेज आहे, मॅडम.”

फोनवरच्या मुलीचा दोष नाही, तिच्यासमोरही तोच कागद असणार. पण ज्यांनी मशीन बनवलं त्यांना तरी माहीत असेल ना? ही माहिती लपवण्यासारखी का वाटावी, हे मला आजही कळलेलं नाही.

उत्तर शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडलं. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या ते आपल्या सपोर्ट पानावर ठेवतात, आणि त्यात एकेका सुट्या भागाची यादी असते. त्यातून कळलं की एकाच नावाने दोन वेगळी मशीन विकली जात होती. एकात ईएमएमसी, दुसऱ्यात एनव्हीएमई. फरक काय तो मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरांत! म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. खोक्यावरचा आणि मशीनच्या तळाशी असलेला पूर्ण नंबर जुळवून बघा आणि बिलावरही तोच लिहून घ्या. मी घेतला, आणि तो लिहून झाल्यावरच पैसे दिले.

दुकानात मशीन चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्क ड्राइव्ह्ज’ उघडा आणि तिथलं ड्राइव्हचं नाव इंटरनेटवर शोधा, प्रकार लगेच कळतो. टास्क मॅनेजरवर विसंबू नका, ईएमएमसीपुढेही तिथे नुसतं ‘एसएसडी’ दिसू शकतं.

मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का हेही बघा. असला तर मापही बघा: २२४२ म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ४२ लांब. तिथे ८० मिलिमीटरची नेहमीची २२८० बसणार नाही. काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, तेव्हा ड्राइव्ह त्याप्रमाणेच घ्यायची.

हो, आणि ६४ जीबीच्या मोहात पडू नका. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे, आणि त्यातले विंडोजला दिसतात जेमतेम ६०. सिस्टिम आणि अपडेट्स यांतच बरीच जागा संपते. १२८ चेही ११९ दिसतात, पण ते हिशोबाच्या पद्धतीमुळे, त्यात फसवणूक नाही.

पुढेमागे ड्राइव्ह बदलणार असाल तर आधी बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की लिहून ठेवा. ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं, आणि कीशिवाय जुन्या ड्राइव्हवरचा डेटा उघडत नाही.