विहिरीत टाकलेला दगड

इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका शाळेत मी ए-लेव्हलचं गणित शिकवतो. ए-लेव्हल म्हणजे आपली अकरावी-बारावी. न्यूटनचं जन्मघर याच जिल्ह्यात, वुल्सथॉर्पला.

मागच्या वर्षी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखाद्या क्षणाला होणाऱ्या बदलाचा वेग, शिकवताना एका मुलीनं विचारलं, "सर, आधी एचनं, त्या छोट्याशा फरकानं, भागता, म्हणजे एच शून्य नाही. शेवटी तोच एच शून्य धरून उडवता. नक्की काय मानायचं?"

मी खडू खाली ठेवला. चाळीसगावला बारावीत मलाही हेच विचारायचं होतं. तेव्हा उत्तर मिळालं, "ते सोड, सूत्र पाठ कर, मार्क पडतील." मार्क पडले, प्रश्न मात्र माझ्यासोबत इथवर आला.

तिला सांगितलं, "अगं, बिशप बर्कलींनी १७३४ साली न्यूटनच्या रीतीवर हाच आक्षेप घेतला होता. लिमिटची, म्हणजे एखाद्या आकड्याच्या हवं तितकं जवळ जाण्याची, नीट मांडणी फ्रेंच गणिती कोशीनं केली ती १८२१ मध्ये." मधे ८७ वर्षं गेली. मग पोरांना ते एका तासात कळलं पाहिजे, हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो. आधी आकडे हाताळू द्यावेत, नाव आणि सूत्र मागाहून यावं.

मे महिन्यात घरी आलो, तेव्हा भाच्याला मळ्यातल्या विहिरीवर नेलं. बारावीचं वर्ष, तोही सूत्रांनी वैतागलेला. दगड सोडला. सेकंदांचा वर्ग गुणिले ५, साधारण तेवढे मीटर तो खाली जातो.

"बरोबर १ सेकंदाला वेग किती?"

"मामा, एका क्षणात तो सरकलाच कुठे? वेग कसा काढू?"

"मग थोडा वेळ दे त्याला."

१ ते २ सेकंदांत सरासरी वेग १५ आला. १ ते १.१ मध्ये १०.५. वेळ आणखी कमी करत गेलो, तर १०.०५, मग १०.००५. थारोळ्याच्या काठावर कोळशानं आकडे लिहीत तो थबकला. "हे १० कडेच चाललंय."

पाटणादेवी आमच्या तालुक्यातली. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं तिथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. १२०७ चा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची तात्कालिक गती, म्हणजे त्या त्या क्षणाची गती, मांडली आहे. हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्याला तिथेच सांगितलं.

त्याचं अर्धं लक्ष आकड्यांत होतं. "दीड सेकंदाला?" त्यानं स्वतःच विचारलं, आणि मोबाइल काढायच्या आतच म्हणाला, "१५. दहापटच येतंय ना, मामा?"