सिदाकार्य आल्याशिवाय पूजा पुरी होत नाही

बालीहून आल्यापासून सगळे बीचचे फोटो मागतायत, पण माझ्या डोक्यात अजून उबुदजवळच्या एका गावातलं देऊळच आहे. होमस्टेच्या इबू (म्हणजे आई, तिकडे मोठ्या बाईला असंच हाक मारतात) सकाळी म्हणाल्या आज आमच्या देवळाचा ओदालान आहे, येतोस का. ओदालान म्हणजे देवळाचा वाढदिवस म्हणा, फक्त त्यांच्या पंचांगाप्रमाणे तो 210 दिवसांनी येतो. लुंगीसारखं कामेन आणि कमरेला शेला त्यांनीच दिला, त्याशिवाय आत सोडत नाहीत.

आत सगळं एकाच वेळी चालू होतं. पुजारी उंचावर बसून घंटा वाजवत मंत्र म्हणतायत, बायका एकीकडे किदुंग म्हणजे देवाची गाणी गातायत, गामेलान या तिकडच्या वाद्यवृंदाचा दणदणाट, आणि एका कोपऱ्यात भर दुपारी दालांग, म्हणजे बाहुल्यांचा खेळ करणारा, चामड्याच्या बाहुल्या नाचवतोय. याला वायांग लेमाह म्हणतात. पडदा नाही, दिवा नाही, नुसता दोन डहाळ्यांमध्ये ताणलेला पांढरा दोरा. काळ्यापांढऱ्या चौकटीचं वस्त्र नेसलेला भीम मी लगेच ओळखला, एवढ्या लांब येऊन आपला भीम दिसला म्हणून गळा भरून आला खरं तर. समोर मोजून तीन पोरं बसलेली. मी म्हणलं अरेरे, कोणी बघतच नाहीये. इबू म्हणाल्या, देवांसाठी आहे तो, देव बघतायत.

मग त्यांनी एक शब्द शिकवला, ङायाह. देवळासाठी विनामोबदला केलेलं काम. झाडणं, डुकराचं मटण चिरणं, नारळाच्या झावळ्यांची सजावट विणणं हे ङायाह आणि नाचणं, वाजवणं हे पण ङायाहच, त्यात वरखाली नाही. गामेलानचा संच बंजारचा, म्हणजे वाडीचा, कोणा एकाचा नाही. लग्न झालं की जोडपं बंजारचं सभासद होतं आणि वाट्याला येईल ते काम करावंच लागतं. सकाळी मटण चिरत बसलेला माणूस संध्याकाळी ढोल वाजवताना दिसला आणि कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला फार वाटलं.

संध्याकाळी तोपेंग, म्हणजे मुखवट्यांचं नृत्यनाट्य. एकच नट मुखवटे बदलत आधी दणकट प्रधान, मग थरथरणारा म्हातारा, मग राजा. मधे अर्ध्या मुखवट्याचे बोंद्रेस म्हणजे विदूषक येतात, जबडा मोकळा असतो म्हणून ते बोलू शकतात, आणि बोलतात ते आजच्या गावाबद्दल. कोण ओढ्यात कचरा टाकतो, कोण बंजारच्या मीटिंगला येत नाही असलं सगळं. इबू हसून हसून मला समजावत होत्या. भांडण न करता तोंडावर सांगायची ही केवढी चांगली सोय आहे!

शेवटी येतो सिदाकार्य. पांढरा मुखवटा, पुढे आलेले दात, डोक्यावरून पांढरं कापड. नावातच सिद्ध आणि कार्य आहे, आणि आपण लग्नकार्य म्हणतो तसं तिथेही मोठ्या पूजेला कार्यच म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की केलिंगहून आलेला एक ब्राह्मण बसाकीच्या मोठ्या देवळात राजाचा भाऊ म्हणून गेला, पण मळके कपडे बघून लोकांनी हाकलून दिलं, त्याने शाप दिला, पिकं गेली, रोगराई आली, मग राजा वातुरेंगोंगने माफी मागून त्याला परत आणलं. तोच हा सिदाकार्य, आणि तेव्हापासून तो आल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. म्हणजे ज्याला हाकललं त्याचाच मान शेवटचा, हे मला नाचापेक्षाही जास्त भिडलं.

युनेस्कोने 2015 मध्ये बालीचे नाच आपल्या वारशाच्या यादीत घेतले त्यात सिदाकार्यचा हा तोपेंग पण आहे. पण त्या अंगणात यादी कोणाच्या डोक्यात नव्हती. सिदाकार्यने पिवळे तांदूळ आणि भोकाची जुनी नाणी उधळली, पोरं किंचाळत धावली, एक नाणं माझ्या पायाशी आलं. मी उचलून शेजारच्या पोराला दिलं तर त्याने परत माझ्या हातात ठेवून मूठ मिटली.

पुढचा ओदालान कधी ते मी कॅलेंडरवर मोजून ठेवलंय. इबूंना विचारलंय, झावळ्या विणायला शिकवाल का.