१६ जीबीच्या लॅपटॉपवरून नको त्या भाषा काढल्या, आतापर्यंत काय झालं

मालवणला घरी जो जुना लॅपटॉप आहे ना, १६ जीबी स्टोरेजवाला, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब त्याच्यावरच असतो, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय पण जागा पुरेना. बघितलं तर लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रांताच्या सेटिंगच्या, फोल्डरमध्ये जगभरातल्या भाषांची भाषांतरं पडलेली, आणि घरात लागतं काय तर मराठी आणि इंग्रजी.

आधी हातानेच डिलीट मारलं. अपडेट केलं की जी पॅकेजं बदलली त्यांच्या फाइली परत हजर. म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामलाच सांगायला पाहिजे. मग त्याच्या कॉन्फिगमध्ये पाथ-एक्स्क्लूड (या फाइली बसवू नको) टाकलं, आणि त्याच्या खाली मराठीसाठी नि लोकेल-डॉट-एलियस (लोकेलच्या टोपणनावांची) फाइलसाठी पाथ-इन्क्लूड (या मात्र ठेव). क्रम हाच ठेवा, शेवटची जुळणारी ओळ चालते. मॅन पेजेसना, म्हणजे कमांडच्या मदतीच्या पानांना, जपा, पाथमधला स्टार (*) स्लॅशलाही (/) जुळतो, त्यामुळे अख्खं मॅन गाळलं तर इंग्रजी मॅन्युअलसुद्धा जातं. आणि डॉक फोल्डर गाळणार असाल तर कॉपीराइटच्या फाइली ठेवाच, लोकांनी फुकट दिलेल्या कामाचं लायसन आहे ते, त्याला हात लावायचा नाही.

मग मी लोकेल-जेनमधून (कुठली लोकेल तयार करायची ती यादी) अमेरिकन इंग्रजी काढलं पण लँग, म्हणजे मशीनची भाषा ठरवणारं सेटिंग, तशीच राहिली. झालं, दर अपडेटला पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची बोंब, लोकेल सेट झालं नाही, 'सी' या साध्या मूळ लोकेलवर जातोय म्हणून. मशीन मात्र चालूच राहिलं, कारण सी किंवा पॉसिक्स लोकेल असलंच पाहिजे असं युनिक्ससारख्या सिस्टिमचं पॉसिक्स स्टँडर्डच सांगतं, आणि जीलिबसी या सिस्टिमच्या मूळ लायब्ररीमध्ये ते आतच बांधलेलं असतं. लँग सी-यूटीएफ-८ (सीच, पण युनिकोड अक्षरांसकट) केली, बोंब थांबली. हिशोबाच्या युजरला मराठी ठेवलंय, तारखेत जानेवारी आलं की आई खूश.

पण सीमध्ये गावांची यादी सॉर्ट केली तेव्हा तळेरे आलं तवसाळच्या आधी! सी नुसते कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेले नंबर, बघतं, युनिकोडमध्ये ळ बसलाय ल च्या शेजारी, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, शाळेत असंच घोकलंय आपण सगळ्यांनी. भाषा कमी करताना मला हेच सगळ्यात जास्त लागलं. शेवटी पायथॉनमध्ये वर्णमालेचा क्रम स्वतः लिहून दिला, आता तवसाळ आधी, मग तळेरे.

बाकीची पॅकेजं रीइन्स्टॉल करायची राहिलीत, त्याशिवाय जुन्या फाइली जात नाहीत. पावसात लाइट मध्येच जाते, आणि डीपीकेजी अर्ध्यात सोडायचं नाही, म्हणून बॅटरी फुल झाली की रात्री बसतो.