बीबीसीनं पुसलं, ऐकणाऱ्यांनी जपलं

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचा २००७ साली 'लाइव्ह ॲट द बीबीसी' नावाचा चार सीडींचा सेट आला, त्यातली चौथी सीडी बहुतेक लोक एकदा ऐकून ठेवून देतात कारण आवाज अगदीच भंगार आहे. सध्या मी तीच ऐकतोय. ही रेकॉर्डिंग्ज बीबीसीच्या कपाटातली नाहीतच, त्या काळी घरी रेडिओ ऐकताना कुणीकुणी टेप करून ठेवलेली आहेत. खरखर आहे, मीडियम वेव्हचा तो घुमणारा आवाज आहे, आणि मध्येच बँडची गायिका सँडी डेनी अशी काही गाते की बास.

आता बीबीसीकडे स्वतःच्याच कार्यक्रमाची टेप का नाही, तर टेप महाग होती, एकदा प्रोग्रॅम लागून गेला की पुसायची आणि त्याच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचं. पॉपची गाणी पन्नास वर्षांनी कोण ऐकणार, असा एकूण विचार. काही सेशन्स, म्हणजे बँडला स्टुडिओत बोलवून खास रेडिओसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज, वाचली ती परदेशातल्या स्टेशन्सना पाठवायला बीबीसी ज्या डिस्क काढायची त्यांच्यामुळे.

पण मुळात ही सेशन्स झालीच का, ते मला जास्त भारी वाटतं. तेव्हा तिकडे 'नीडल टाइम' नावाची भानगड होती. वादकांची युनियन आणि रेकॉर्ड कंपन्या दोघांचंही म्हणणं असं की रेडिओवर दिवसभर तबकड्याच वाजवल्या तर आमच्या पोटावर पाय येणार, म्हणून रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यावर मर्यादा. १९६७ मध्ये बीबीसीचं पॉप संगीताचं स्टेशन रेडिओ वन सुरू झालं तेव्हाही ती होतीच. मग उरलेला वेळ भरायचा कसा, तर बँडला स्टुडिओत बोलवा, एका दिवसात चारपाच गाणी रेकॉर्ड करून घ्या, आणि निवेदक जॉन पीलच्या 'टॉप गिअर'सारख्या (गाड्यांचा नव्हे, रेडिओवरच्या गाण्यांच्या) कार्यक्रमात लावा. म्हणजे एका कटकटीच्या करारातून हे सगळं संगीत निघालं आणि पैसे वाचवायच्या नादात पुसलं गेलं!

फेअरपोर्टच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. लोक त्यांना ओळखतात ते 'लीज अँड लीफ' या अल्बममुळे, जुनी इंग्लिश लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर वगैरे. पण १९६८ मध्ये ही उत्तर लंडनमधली विशीच्या आसपासची पोरं सरळ अमेरिकन गाणी म्हणत होती. लेनर्ड कोहेन, जोनी मिचेल, एव्हर्ली ब्रदर्स, जॉनी कॅश, सगळं. 'सुझॅन' ऐका. इयन मॅथ्यूज आणि सँडी दोघं मिळून गातात आणि मागे मार्टिन लँबलचे ड्रम्स इतके हलके आणि इतके विचित्र ठिकाणी पडतात की मी गायकांना सोडून त्याच्याच मागे जातो. त्यांच्या तेव्हाच्या एकाही स्टुडिओ अल्बमवर हे गाणं नाही.

१२ मे १९६९ ला बर्मिंगहॅमहून कार्यक्रम करून परतताना एम-वन हायवेवर त्यांच्या व्हॅनला अपघात झाला. त्यात लँबल गेला, वय १९. बँडचा गिटारिस्ट रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. बाकीचे सावरले तेव्हा त्यांनी ठरवलं की लँबलबरोबर वाजवलेली गाणी आता नकोत, आणि हॅम्पशरमधल्या एका घरात राहून नवा ड्रमर, डेव्ह स्वॉर्बिकचं व्हायोलिन असं सगळं घेऊन 'लीज अँड लीफ' उभा केला. तो अल्बम थोर आहेच, वादच नाही. पण त्यामुळे आधीचा बँड जवळपास गायबच झाला, आणि त्यातली कित्येक गाणी फक्त या रेडिओ सेशन्समध्येच उरली. कुणीतरी रविवारी दुपारी रेडिओला टेपरेकॉर्डर लावला नसता तर त्यातली काही तीही उरली नसती.

ऐकायचं असेल तर आधी 'हेडे' घ्या, याच बीबीसी सेशन्समधल्या गाण्यांचा, १९८७ ला निघालेला, एकच रेकॉर्ड आहे आणि आवाज चांगला आहे. चार सीडींचा सेट नंतर. आणि ती चौथी सीडी गाडीत लावू नका, हेडफोनवरच ऐका, नाहीतर खरखरीशिवाय काही कळणार नाही.