सहा लाखांची पोरगी आणि पाच आठवडे

"तुमच्या पोरीला सरकार वर्षाला सहा लाख देतं म्हणे?" बेदाण्याच्या शेडवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही मला हे विचारतात. विचारणाऱ्याच्या नजरेत आमचं नवीन घर आधीच बांधून झालेलं असतं.

तर आधी हिशेब सांगते. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेत निवडलेल्या खेळाडूमागं वर्षाला ६ लाख २८ हजारांची तरतूद असते, हे खरं. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, हातखर्चाला खेळाडूच्या खात्यावर येतात. बाकीचे प्रशिक्षण, राहणं-खाणं, साहित्य, विमा यांवर खर्च होतात. ते आपल्या हातात येत नाहीत, आणि येऊ नयेत असंच माझं मत आहे. आलेले पैसे घरात कुठं जिरतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलगी वेटलिफ्टिंग करते. सांगलीकडं या खेळाचं कौतुक नवं नाही. पानपट्टी चालवणाऱ्या घरातल्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक आणलं. त्याच्या आधी जूनमध्ये त्याची बहीण काजल पंचकुल्याला खेलो इंडियाच्या युवा स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली होती. त्यानंतर आमच्या शाळेतल्या सरांनी चार-पाच पोरींना बार धरायला लावला, त्यातली एक आमची. तिचा खेळ हा या लेखाचा विषय नाही. खेळात तिला कधी अडचण आलीच नाही. राज्य स्पर्धेत वजनं उचलली, नाव वर गेलं, कागद मागवले गेले आणि तिथं गाडं अडलं.

शाळेच्या जनरल रजिस्टरला तिची जन्मतारीख डिसेंबर २००९ ची. ती खरी जन्मली जानेवारी २०१० मध्ये. तिच्या आजोबांनी शाळेत नाव घातलं तेव्हा पोरगी त्याच वर्षी पहिलीत बसावी म्हणून तारीख पाच आठवडे मागं नेली. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या पिढीत तर अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, माझे मालकसुद्धा. आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरून निघालं, म्हणून तिथंही डिसेंबरच.

पाच आठवड्यांनी काय होतं, असं वाटेल. वेटलिफ्टिंगमध्ये वय महिन्यांवर मोजत नाहीत, जन्मसालावर मोजतात. युथ गट १३ ते १७ वर्षांचा. २००९ ची मुलगी त्यातून २०२६ संपताना बाहेर पडते, २०१० ची आणखी एक वर्ष खेळते. म्हणजे खरी तारीख लावायला गेलो, तर बघणाऱ्याला दिसणार की हिनं एक वर्ष कमी करून घेतलं. आणि नाही लावली, तर जन्मदाखला एक बोलतो, आधार दुसरं बोलतं. ऑनलाइन नोंदणी त्यावरच परत येत होती.

वयचोरीची भानगड किती मोठी आहे हे मला आधीपासून माहीत होतं. जिल्हा पातळीवर आमच्या पोरीला एकदा जिनं हरवलं, तिचं वय काय असेल हे तिथल्या कुठल्याही आईनं बिनचूक सांगितलं असतं. केंद्र सरकारनं यावर २०१० साली संहिता आणली: पहिल्यांदा सापडलं तर दोन वर्षं बंदी, दुसऱ्यांदा कायमची. नियम कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त खोटा दाखला करणारा सगळे कागद जुळवूनच येतो. ज्याचे कागद जुळत नाहीत तो बहुतेक वेळा आमच्यासारखा असतो, हे टेबलापलीकडच्या माणसाला कसं पटवायचं?

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं जन्माची नोंद जत तालुक्यात. तिथं नोंद निघाली, पण त्यात बाळाचं नाव नव्हतं. स्त्री, आईचं नाव, बापाचं नाव, बस्स. बारशाच्या आधी नोंद होते, नंतर नाव घालायला कोण जातंय! नोंदी बघणाऱ्या भाऊसाहेबांनी सांगितलं की नाव नंतर घालता येतं, पण जन्माची नोंद झाल्यापासून १५ वर्षांच्या आत. पोरगी तेव्हा १४ पूर्ण होती. माझ्या पोटात गोळाच आला. ते काम मात्र झटकन झालं, माणूस भला होता.

शाळेचं काम तसं नव्हतं. मूल शाळेत शिकतंय तोवरच जनरल रजिस्टरमधली तारीख दुरुस्त होते. मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवतात आणि शिक्षणाधिकारी मंजुरी देतात. दहावी होऊन दाखला हातात पडला की संपलं. प्रस्ताव गेला, त्रुटी निघाली, परत आला, पुन्हा गेला. प्रत्येक वेळी शेडवर खाडा. एका कार्यालयात मला विचारलं, "आत्ताच का आठवलं? खेळात निवड झाल्यावर?" मी म्हटलं, साहेब, निवड झाली नसती तर कशाला आठवलं असतं? ते हसले. कागद तिथंच राहिला.

मधल्या काळात हाडांची तपासणी झाली. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्सरे काढतात, हाडांची वाढ कुठवर आली आहे त्यावरून वय काढतात. टीडब्ल्यू-३ म्हणतात त्या पद्धतीला. मला वाटलं होतं यंत्र एकदाचं खरं काय ते सांगून टाकेल. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं: ही पद्धत १४ ची आहे की १७ ची हे सांगू शकते, डिसेंबर की जानेवारी हे नाही. शिवाय मुलींच्या हाडांची वाढ पंधराच्या आसपास पूर्ण झाली की त्यापुढं या पद्धतीला फारसं काही सांगताच येत नाही. आमच्या पोरीचं हाड १४ च्या घरात बसलं. त्यानं संशय गेला, तारीख मात्र कागदावरच ठरायची राहिली.

शेवटी मंजुरी आली. मग आधार. तिथं जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून अर्ज भरताना केंद्रावरच्या पोराला मी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायला लावला. तो वैतागला. वैतागू दे.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं 'खेलो भारत नीती' मंजूर केली, २००१ च्या धोरणाच्या जागी. त्यात २०३६ चं ऑलिंपिक आहे, लहान वयात गुणी मुलं हेरणं आहे, शाळेच्या शिक्षणाशी खेळ जोडणं आहे. ही शेवटची गोष्ट मला आवडली. जोडायचंच असेल तर पहिलीत नाव घालताना जन्मदाखला समोर ठेवूनच तारीख लिहा आणि खेळात उतरलेल्या प्रत्येक मुलाचा दाखला पाचवीतच तपासून घ्या. त्याला नवा पैसा लागत नाही. आमच्या शाळेत सरांनी हे सुरू केलंय. पहिल्याच फेरीत बऱ्याच पोरांच्या तारखा दोन-दोन निघाल्या.

आता दरवर्षी कामगिरी बघून शिष्यवृत्ती पुढं चालू राहते. घसरलं की नाव जातं. त्यात जून २०२५ पासून वेटलिफ्टिंगचे वजनगटच बदलले, तिचा ४५ किलोचा गट राहिला नाही. सर म्हणतात ४८ ला जायचं, वजन वाढवा. म्हणून सध्या १० हजारांतले बरेचसे अंडी, दूध आणि शेंगदाण्यात जातात. नवीन घर अजून पंगतीतच आहे.