मेडलच्या कडेवरचा नंबर

कोरेगाव, खटाव, पाटण, कुठल्याही तालुक्यात एखादे कॅप्टनसाहेब गेले की चौकात बॅनर लागतो आणि वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका निघते. दोन्हींवरचा मजकूर जवळपास एकच: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, देशसेवेत आयुष्य वेचले. कोणती पलटण, कोणती साल, कुठलं ठाणं, आणि त्या काळात घर कुणी कुठे सांभाळलं, यातलं काहीही त्यात नसतं. लिहिता मात्र सगळं येतं. कागद आणि वस्तू घरातच असतात, पण पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या निम्म्या जातात. म्हणून ट्रंक रिकामी करण्याआधी ती वाचायची.

सुरुवात मेडलांपासून करा, आणि पुढची बाजू पाहू नका, कड पाहा. फौजेच्या मूळ मेडलवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडा, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. समारंभात लावण्यासाठी बाजारातून करून घेतलेल्या जोडावर हे कोरीवकाम नसतं. डबीत, रुमालात बांधलेली मूळ मेडलं वेगळी असतात, ती शोधा.

नंबराच्या आधीची अक्षरं बरंच सांगतात. आयसी म्हणजे कायम कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून कायम नेमणूक, एसएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, ईसी म्हणजे 1962 च्या चीन युद्धानंतर घाईने भरती केलेल्या अधिकाऱ्यांचं इमर्जन्सी कमिशन. जेसी म्हणजे जेसीओ, जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. इथेच साताऱ्यातली घरं गोंधळतात. आपल्याकडचे बरेच कॅप्टन शिपाई म्हणून भरती झालेले असतात. सुरुवातीच्या मेडलवर त्यांचा शिपाई असतानाचा नंबर असतो आणि नंतरच्या मेडलवर जेसी लावलेला नवा. एकाच माणसाचे दोन नंबर दिसले की दुसऱ्याच कुणाचं मेडल मिसळलंय असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. ती त्यांची चढण आहे, आणि पुस्तिकेत दोन्ही नंबर सालासह छापावेत. 1965 पूर्वीच्या कागदांत जमादार लिहिलेलं असेल तर तो आजचा नायब सुभेदार. पोलिसातल्या जमादाराशी त्याचा संबंध नाही.

शेवटी मिळालेली कॅप्टनची रँक मानद असेल तर मानद असंच लिहावं. घरचे हा शब्द गाळतात, कमीपणा वाटतो म्हणून. मला हे पटत नाही. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या याद्यांत मोजकी नावं येतात, आणि शिपायापासून तिथवर पोचायला पंचवीस-तीस वर्षं निष्कलंक नोकरी लागते. तसंच जुन्या हुद्द्यांना आजच्या मापाने मोजू नका. 1980 च्या दशकापर्यंत पलटणीचा कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल असायचा, पुढे ती जागा कर्नलची झाली. बढत्यांची वर्षं 2004 च्या सुमारास बदलली. साठ-सत्तरच्या दशकातला मेजर आजच्या मेजरपेक्षा कितीतरी जास्त नोकरी झालेला असायचा.

सगळ्यात मोठी चूक नावात होते. सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल ही दोन निरनिराळी पदकं आहेत. पहिलं शौर्यासाठी किंवा विशेष कामगिरीसाठी, दुसरं ठरावीक भागात ठरावीक काळ नोकरी केल्याबद्दल. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर धातूची पट्टी असते, तिच्यावर भागाचं नाव असतं. तीच नीट टिपून घ्या. शौर्यपदकाचं नाव भारताच्या राजपत्रात येतं, तिथे तपासल्याशिवाय छापू नका. 1971 बद्दलही असंच. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या पुष्कळांना मिळालं. सोबत ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम. नुसतं संग्राम मेडल पाहून ‘ढाक्यात लढले’ असं लिहिलं, तर कराडच्या विजय दिवसाला जमणारे जुने सोबती एका ओळीत चूक दाखवतील.

एवढं झालं तरी मधली वर्षं कोरीच राहतात, आणि ती भरतात घरच्या माणसांच्या कागदांनी. पत्रांवर पत्ता 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असा असतो, त्यातून गाव कळत नाही. ढोबळमानाने 99 पूर्वेकडचं, एवढंच. पण शिक्क्यातली तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर उतरवून घ्या. पत्त्यात 9 ने सुरू होणारा सहा आकडी पिन असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण पिन कोड तेव्हा सुरू झाला. मग मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदललेली दिसते: ती कुटुंब सोबत नेता येईल अशी ठाणी. मध्येच दाखला गावच्या जिल्हा परिषद शाळेचा निघाला, की साहेब फील्डला होते आणि बाई मुलांना घेऊन सासरी किंवा माहेरी राहिल्या असं समजावं. मुलांचे जन्मदाखले मिलिटरी हॉस्पिटलचे असतील तर गाव आणि तारीख दोन्ही मिळतात. लग्न आणि मुलांचे जन्म फौजेत पार्ट टू ऑर्डरने नोंदवतात, तिची प्रतही ट्रंकेत सापडते.

हे सगळं एका वहीत सालवार मांडा: डावीकडे फौज, उजवीकडे घर. मग वही घेऊन आजींजवळ बसा. ‘कसं वाटायचं’ विचारू नका, उत्तर मिळत नाही. कोणत्या क्वार्टरमध्ये काय शिजवायचात, पाणी कुठून यायचं, मनीऑर्डर किती तारखेला यायची, धाकट्याच्या तापात दवाखान्यात कोण घेऊन गेलं, असं विचारा. उजवी बाजू भराभर भरते, आणि बऱ्याचदा डावीकडची चुकलेली साल तिथेच दुरुस्त होते.

जवान आणि जेसीओंचं डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, असतं. हरवलं असेल तर अर्ज त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसकडे: मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी. अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड दिल्लीत लष्करी मुख्यालयात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं, पण नंबर तुम्हालाच न्यावा लागतो. पुस्तकातली जन्मतारीख 1 जून असेल तर ती शाळेत अंदाजाने लावलेली असू शकते. पत्नीचं नाव डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) आणि आधारवर वेगवेगळं असेल तर आधी ते एक करून घ्या, कुटुंब निवृत्तिवेतन बहुतेक वेळा तिथेच अडतं.

मेडल चिंचेने, रांगोळीने किंवा पॉलिशने घासू नका, कडेवरची अक्षरं जातात. कोरडं सुती फडकं पुरे. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं मेडल साताऱ्याच्या चार महिन्यांच्या पावसात हिरवं पडतं, सुती कापडात गुंडाळा आणि सिलिका जेलची पुडी घाला. रिबनवर ऊन पडू देऊ नका. फोटो लॅमिनेट करू नका, मागे नावं मऊ शिसपेन्सिलीने लिहा, आणि 600 डीपीआयला स्कॅन करा.

ट्रंकेवर पांढऱ्या रंगात हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं, आणि दर बढतीला जुन्यावर नवं चढवलेलं असतं. ट्रंक पुन्हा रंगवायला देण्याआधी ती उन्हात आडवी ठेवून फोटो काढा, खालचा हुद्दा दिसतो.