आंबोलीचा पाऊस, माझा कॅनन आणि बहिणीचा टीजी

आंबोलीत वर्षाला सरासरी ७ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे वाचून माहीत असतं, पण त्या आकड्याचा खरा अर्थ आजऱ्याच्या पुढे कळतो. वायपर फुल स्पीडला आहे, तरी पुढच्या एसटीचे लाल दिवे दिसत नाहीत आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण म्हणतेय, "दादा, तुझा कॅमेरा आज बॅगेतच झोपणार बघ."

माझ्या बॅगेत कॅननचा आर६ मार्क टू, २४-१०५ची लेन्स, १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करायला त्यावर लावायचा डिफ्यूझर, ट्रायपॉड, रेनकव्हर, दोन पंचे आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढा संसार. तिच्या रेनकोटच्या खिशात ऑलिंपसचा टीजी-६. बस. तारकर्लीला डायव्हिंग शिकली तेव्हा घेतलेला, तेव्हापासून कुठेही जाताना तोच. वजन सांगतो, म्हणजे कल्पना येईल, माझी बॉडी ६७० ग्रॅम आणि मॅक्रो लेन्स ७३० ग्रॅम, तिचा अख्खा कॅमेरा बॅटरीसकट २५३ ग्रॅम. पैशाचं बोलायचं तर माझी नुसती बॉडीच घेतली तेव्हा दोन लाखांच्या वर होती, त्यात तिच्यासारखे चारेक कॅमेरे आरामात आले असते. (हे ती दर ट्रिपला एकदा तरी ऐकवतेच.)

आंबोलीला लोक धबधब्यासाठी जातात. वीकेंडला मेन धबधब्यापाशी जी जत्रा असते, मक्याची कणसं, ब्लूटूथ स्पीकर, काचेच्या बाटल्या, त्याबद्दल न बोललेलंच बरं. आम्ही मुद्दाम मधल्या वारी गेलो, आणि गेलो होतो बेडूक-सापांसाठी. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन या गावाच्या आसपास जे दिसतं ते महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

पहिल्या दुपारी कावळेसादला गेलो. दरीतून वारा असा वर येतो की खाली पडणारं पाणी उलटं आपल्याच तोंडावर येतं, छत्रीचा काही उपयोग नाही. आता माझ्या कॅमेऱ्याला वेदर सीलिंग आहे, म्हणजे थोडाफार शिंतोडा तो सहन करतो, पण त्याला पाण्याचं कुठलंही आयपी रेटिंग नाही आणि 'थोडाफार' म्हणजे किती हे कुठेच लिहिलेलं नसतं. बहिणीच्या कॅमेऱ्याचं तसं नाही, १५ मीटर खोल पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोचा दाब, उणे १० डिग्री, सगळं आकड्यात दिलेलं. त्यामुळे मी रेनकव्हरच्या आत हात घालून चाचपडत होतो, व्ह्यूफाइंडर धुक्याने पांढरा, तो पुसायला पंचा काढावा तर पंचाच ओला, आणि ही बया सरळ रेलिंगपाशी जाऊन उलट्या धबधब्याचा व्हिडिओ काढतेय. टीजीला टचस्क्रीन नाही, आधी मला तो कंजूसपणा वाटायचा, पण पावसात स्क्रीनवर थेंब पडून आपोआप मेनू उघडणं बंद होणं असले प्रकारच होत नाहीत. सगळं बटणांवर. बटणं मात्र बारीक आहेत, बोटं गारठली की चुकीचं दाबलं जातं.

पण तिचे फोटो रात्री बघितले तर निम्म्यात मधोमध थेंबाचा गोल डाग. छोटा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) आणि वाइड लेन्स असली की जवळचं-लांबचं सगळंच शार्प यायला लागतं, मग काचेवरचा थेंबही मिटत नाही. माझ्या लेन्सला हूड लावलेलं असतं, एखादा थेंब बसलाच तरी बऱ्याचदा तो विरघळून जातो. अर्थात माझे फोटो होतेच किती.

रात्री जेवून, म्हणजे कोंबडी-वडे आणि दोन वाट्या सोलकढी झाल्यावर, आम्ही निघालो. होमस्टेच्या काकू दारातून म्हणाल्या, "ह्या पावसात कॅमेरो घेवन खंय चललास?" त्यांना रोजचंच झालंय हे, तरी विचारतात. सोबत गाईड होता, गावातलाच पोरगा. इथे रात्री एकट्याने झाडीत शिरू नका आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका.

आंबोलीचं नाव लावणारे दोन बेडूक आहेत. एक आंबोली बुश फ्रॉग, झुडपाच्या पानावर बसून ओरडणारा, ज्याचं पिल्लू शेपटीवाल्या अवस्थेत पाण्यात पोहतच नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. दुसरा आंबोली टोड, अंगावर पिवळसर पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात 'टायगेरिना'. याची मादी जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, पावसाने साचलेल्या वीतभर डबक्यात अंडी घालते. दोन्ही जातींचं शास्त्रीय वर्णन २००९ सालचं, आणि दोन्ही अतिसंकटग्रस्त. म्हणजे सड्यावर गाड्या नेणारे लोक नक्की कशावरून चाक फिरवत असतात ते बघा.

बुश फ्रॉग सापडला आणि इथे मजा सुरू झाली. तीनेक सेंटिमीटरचा प्राणी, पान वाऱ्याने हलतंय, वरून पाऊस. मॅक्रोमध्ये माझ्या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्याचा मोठा सेन्सर, ज्यासाठी पैसे मोजले तोच. एफ २.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, डोळा शार्प आला तर नाक गेलं, म्हणून अपर्चर (ते तोंड) एफ ११, एफ १६ पर्यंत बंद करायचं, मग उजेड कमी पडतो म्हणून फ्लॅश, फ्लॅशने बेडूक प्लास्टिकसारखा चमकतो म्हणून पुढे डिफ्यूझर, आणि आता ही सगळी वरात एका हातात धरून दुसऱ्या हाताने छत्री. टीजीचा सेन्सर माझ्या सेन्सरच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढा आहे, त्यामुळे तो एफ २ वर जेवढी खोली शार्प देतो तेवढ्यासाठी मला एफ ११ लागतं. तिने मायक्रोस्कोप मोड लावला, लेन्सभोवती एक प्लास्टिकची रिंग बसवली (ती कॅमेऱ्याचाच एलईडी गोल पसरवते, वेगळी बॅटरी लागत नाही), आणि एका हाताने चारपाच फोटो काढून ती पुढच्या झुडपाकडे गेली. मी अजून पान स्थिर व्हायची वाट बघत उभा.

हा मायक्रोस्कोप मोड खरंच अफलातून आहे. लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो आणि झूम करूनही होतो, बोटाच्या नखापेक्षा कमी जागेने फ्रेम भरून जाते. फोकस स्टॅकिंग कॅमेऱ्यातच होतं, तो स्वतःच वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून एक करून देतो, फक्त समोरचा हलला नाही पाहिजे. बेडकाचा गळा सतत धडधडत असतो त्यामुळे त्याच्यावर जमत नाही, शेवाळावर आणि बुरशीवर मस्त जमतं.

पण १ सेंटिमीटर म्हणजे १ सेंटिमीटर. थोडं पुढे गाईडने हात वर करून थांबवलं. फांदीवर मलबारी चापडा, मलबार पिट वायपर, वेटोळं घालून निवांत. हा साप विषारी आहे आणि एकाच जागी कित्येक तास, कधी कधी काही दिवसही भक्ष्याची वाट बघत बसून राहतो, आणि हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा इतक्या रंगांत सापडतो की नवख्याला वेगवेगळे साप वाटावेत. तो हलत नाही म्हणून लोकांना वाटतं जवळ जावं. बहिणीने टीजी सरळ खिशात टाकला आणि म्हणाली, "तुझी पाळी." इथे त्या कॅमेऱ्याचं काम नाहीच. टीजीचं सगळं बळ जवळ जाण्यात आहे, लांबून त्याचं झूम १०० एमएमच्या बरोबरीचं असलं तरी १२ मेगापिक्सेलचा तो इवला सेन्सर रात्री क्रॉप करण्याइतका माल देत नाही. मी दीडेक मीटरवर उभा राहून १०० एमएमने काढले, घरी येऊन २४ मेगापिक्सेलमधून क्रॉप केले, खवला न खवला दिसतो. आणि साप जागचा हलला नाही, याचं मला फोटोपेक्षा जास्त बरं वाटलं.

सापांचे फोटो काढणाऱ्या ग्रुपमध्ये हल्ली टीजीचं फार कौतुक चालतं, फ्रेम भरून सापाचं डोकं आणि मागे जंगल, असे वाइड मॅक्रो. बिनविषारी सापाचा आणि जाणकाराने काढलेला असेल तर ठीक. पण ते बघून कोणी टीजी घेऊन चापड्याच्या तोंडाशी हात नेणार असेल तर त्याने आधी जवळच्या हॉस्पिटलचं अंतर बघून ठेवावं. शिवाय मलबार पिट वायपरसाठी आपल्याकडे खास असं अँटिव्हेनम नाही, नेहमीचं जे मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या मागच्या हौदावर उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं दिसलं. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, हिरवागार, पायांच्या बोटांमधले पडदे लालभडक. पाण्यावर लटकणाऱ्या पानांना फेस लावून त्यात अंडी घालतात, काही दिवसांनी पिल्लं खाली पाण्यात टपकतात. हौदात आधीच्या घरट्यातली पिल्लं फिरतच होती. बहिणीने टीजी हळूच अर्धा पाण्यात बुडवला, अर्धा वर, आणि एकाच फोटोत खाली शेपट्या हलवणारी पिल्लं आणि वर पानावर पांढरा फेस. हा फोटो मला माझ्या कॅमेऱ्यावर हवा असेल तर अंडरवॉटर हाउसिंग लागेल, ज्याची किंमत कॅमेऱ्याच्या बरोबरीने जाते, आणि लेन्सप्रमाणे पुढचा घुमट वेगळा. तो हौदात मावला असता का हाच प्रश्न. या फोटोपुढे माझं काही चाललं नाही.

हिरण्यकेशीलाही गेलो, तिथे मात्र दोन्ही कॅमेरे पाण्याबाहेर. तिथल्या मंदिराच्या कुंडातल्या माशाची जात २०२० मध्ये नव्याने नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कॅमेरा वॉटरप्रूफ आहे म्हणून प्रत्येक पाण्यात घालायचा नसतो.

शेवटच्या रात्री पाऊस थोडा थांबला तेव्हा गाईड म्हणाला चला, बुरशी दाखवतो. कुजक्या लाकडावरची चमकणारी बुरशी. टॉर्च बंद केली, आधी काहीच नाही, मग पाचेक मिनिटांनी डोळे सरावले आणि लाकडावर फिकट हिरवट ठिपके दिसायला लागले. टीजी इथे हात वर करतो. त्याला पूर्ण मॅन्युअल मोड नाही, नेहमीच्या वापरात शटर जास्तीत जास्त ४ सेकंद. लाइव्ह कंपोझिट नावाचा मोड आहे पण तो नव्याने आलेला उजेड तेवढा जोडत जातो, तारे-फटाके-गाड्यांचे दिवे यांना छान, असा मंद आणि एकाच जागी असलेला प्रकाश त्यात साठत नाही. मी ट्रायपॉड लावला, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००, एफ ४, बल्बवर, म्हणजे शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवायच्या मोडवर, टाकून मोजत बसलो. स्क्रीनवर फोटो आला तेव्हा बहीण पहिल्यांदाच काही टोमणा न मारता म्हणाली, "हा मला पाठव." डोळ्याला राखाडी-हिरवट दिसणारी बुरशी फोटोत हिरवीकंच येते, अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही म्हणून.

घरी मोठ्या मॉनिटरवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघितले. दिवसा आणि अगदी जवळून काढलेल्यात टीजी लाज राखतो, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढले असतील तर अजून बरे. आयएसओ ८०० च्या पुढे मात्र बारीक पोत भिजलेल्या रांगोळीसारखा पसरतो. फोनवर कोणाला कळणारही नाही, ए३ प्रिंट काढायची तर कळेल.

कोणाला टीजी घ्यायचा असेल तर सांगतो, टीजी-६ हा २०१९ चा. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ च्या सुरुवातीला वेगळा काढला, नंतरचा टीजी-७ २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावाने आला, त्याला यूएसबी-सी आहे, फोटोच्या दर्जात मोठा फरक नाही. जुना चांगल्या अवस्थेत मिळाला तरी चालेल, पण बॅटरीच्या झाकणाचं रबर आधी बघा. त्यात एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी १५ मीटरचा आकडा कागदावरच राहतो, आणि ते रबर वर्षातून एकदा बदलून घ्यायला कंपनीच सांगते. ओल्या हाताने झाकण उघडायचं नाही. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा.

मला विचाराल तर आंबोलीला पहिल्यांदा आणि एकच कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने टीजी न्यावा. साप आणि अंधार सोडून. आता तुम्ही म्हणाल आंबोलीला साप आणि अंधारासाठीच तर जायचं, तर मग माझ्यासारखी ओझ्याची वाट आहेच.

बहिणीने आल्या आल्या टीजी नळाखाली धरला, पुसला आणि शेल्फवर ठेवला. माझ्याकडे आठवडाभर कार्यक्रम चालला, लेन्स पुसा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पुड्या तव्यावर गरम करून परत भरा, कारण कोकणातली ओल एकदा लेन्समध्ये शिरली की आतल्या काचेवर बुरशी धरते आणि ती काही चमकत नाही. कॅमेरा ठीक आहे. बॅग अजून गॅलरीत उलटी टांगलीय, तिचा कुबट वास जात नाहीये, कोणाकडे उपाय असेल तर सांगा.